विश्लेषण : क्लाउड सर्व्हर मिनिटांत मिळतो, पण सांभाळायचा कोणी?

वेबसाइट किंवा अ‍ॅपसाठी सर्व्हर भाड्याने घेणे आज मोबाइल रिचार्ज करण्याइतके सोपे झाले आहे. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तीन महिन्यांत अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि क्लाउडफ्लेअर या तिन्ही बड्या कंपन्यांच्या सेवा कोलमडल्या. त्यामुळे क्लाउडवर विसंबलेल्या लहान-मोठ्या व्यवसायांपुढे जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सर्व्हर कंपनीचा असला, तरी त्यावरील कामाची, माहितीची आणि बिलाची जबाबदारी कोणाची?

क्लाउड सर्व्हर म्हणजे नेमके काय?

‘क्लाउड’ म्हटले की काहीतरी अधांतरी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात हे सर्व्हर जमिनीवरच असतात. नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्ट्यात उभ्या असलेल्या डेटा सेंटरसारख्या इमारतींमध्ये वीज, वातानुकूलन आणि इंटरनेटच्या जोडण्यांसह हजारो संगणक रांगेने लावलेले असतात. सॉफ्टवेअरच्या मदतीने एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी भाग केले जातात आणि त्यातील एकेक भाग ग्राहकाला भाड्याने दिला जातो. त्यालाच ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात.

अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये साठवणुकीची ‘एस-३’ ही सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-२’ ही सर्व्हरची सेवा सुरू केली. तेव्हा ‘ईसी-२’चा दर तासाला १० सेंट होता. त्याआधी नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याला सर्व्हर विकत घ्यावा लागे, तो ठेवायला जागा शोधावी लागे आणि किती ग्राहक येतील याचा अंदाज आधीच बांधावा लागे. तासाच्या भाड्याने हे भांडवली ओझे उतरवले. आज कोल्हापुरातील एखाद्या गूळ व्यापाऱ्याला ऑनलाइन विक्री सुरू करायची असेल, तर त्याचा डेव्हलपर ठिकाण, ऑपरेटिंग सिस्टीम, मशीनचा आकार आणि प्रवेशाची ‘की’ अशा चार-पाच गोष्टी निवडतो आणि काही मिनिटांत सर्व्हर सुरू होतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

सर्व्हर कुठे घ्यायचा, याने काय फरक पडतो?

क्लाउड कंपन्या जगाचे भाग पाडून प्रत्येक ठिकाणाला ‘रीजन’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे रीजन सुरू केले. अ‍ॅमेझॉनचे मुंबई रीजन जून २०१६ मध्ये आणि हैदराबादचे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. गुगलने २०१७ मध्ये मुंबई आणि २०२१ मध्ये दिल्ली रीजन आणले. मुंबई रीजनच्या विस्तारासाठी अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणाही केली.

तरीही नवखे डेव्हलपर अनेकदा अमेरिकेतील व्हर्जिनिया रीजन निवडतात, कारण बऱ्याच शिकवणीपर व्हिडीओंमध्ये तेच दाखवलेले असते आणि दरही थोडे कमी असतात. मुंबईहून व्हर्जिनियाला विचारणा जाऊन उत्तर परत यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. त्यामुळे कोल्हापूरच्या ग्राहकाला साइट संथ वाटते, सर्व्हर कितीही दमदार असला तरी. ग्राहक भारतात असतील, तर सर्व्हरही भारतात असणे हा साधा हिशेब आहे. रीजन नंतर बदलता येते, पण तेव्हा साइट, डेटाबेस आणि साठवलेल्या फाइल असे सगळेच हलवावे लागते.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी काय घडले?

ऐन दिवाळीत, भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अ‍ॅमेझॉनच्या याच व्हर्जिनिया रीजनमध्ये बिघाड सुरू झाला. ‘डायनॅमोडीबी’ या डेटाबेस सेवेचा इंटरनेटवरील पत्ता नोंदवून ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा आपल्याच दोन प्रक्रियांच्या शर्यतीत अडकली आणि त्या पत्त्याची नोंदच रिकामी झाली. डेटाबेस शाबूत होता, पण तो कुठे आहे हे कोणालाच सापडेना. मूळ दोष तीन तासांच्या आत दुरुस्त झाला, मात्र नवे सर्व्हर सुरू करण्याची व्यवस्था पूर्वपदावर यायला मध्यरात्र उलटून गेली. स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स, डुओलिंगो, कॅनव्हा अशा अनेक सेवांना त्याचा फटका बसला.

नऊ दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझ्युअर फ्रंट डोअर’ या सेवेत चुकीचा बदल लागू झाला आणि तिचे ग्राहक काही तास अडकून पडले. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरमध्ये डेटाबेसच्या परवानग्या बदलताना एका अंतर्गत फाइलचा आकार दुप्पट झाला. ती फाइल वाचणारे सॉफ्टवेअर कोसळले आणि एक्स, चॅटजीपीटीसह असंख्य साइट बंद पडल्या. ५ डिसेंबरला क्लाउडफ्लेअरची सेवा पुन्हा सुमारे २५ मिनिटे विस्कळीत झाली. त्या दिवशी भर बाजाराच्या वेळेत झिरोधा आणि ग्रो या भारतीय शेअर दलालांच्या ग्राहकांना अडचण आली.

या चारही घटनांमध्ये कोणीही बाहेरून हल्ला केलेला नव्हता. कंपन्यांनी स्वतः केलेला बदल किंवा स्वतःचीच स्वयंचलित यंत्रणा त्याला कारणीभूत ठरली. म्हणजेच नामांकित कंपनी निवडली की साइट कधीच बंद पडणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

सुरक्षेची जबाबदारी कंपनीची की ग्राहकाची?

सर्व क्लाउड कंपन्या ‘सामायिक जबाबदारी’चे तत्त्व मानतात आणि करारातही ते मांडलेले असते. इमारत, वीज, यंत्रे आणि आभासी मशीन वेगळी ठेवणारे सॉफ्टवेअर ही कंपनीची जबाबदारी. त्या मशीनवर काय बसवले, कोणती दारे उघडी ठेवली, पासवर्ड कोणाकडे आहेत, अपडेट केले की नाही ही ग्राहकाची. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो, पण फ्लॅटचे कुलूप रहिवाशानेच लावायचे असते, तसाच हा प्रकार.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कॅपिटल वन बँक. २०१९ मध्ये या बँकेच्या अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. माहिती अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होती, पण चोराला वाट मिळाली ती बँकेने चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या फायरवॉलमधून. अमेरिकी बँक नियामकाने २०२० मध्ये ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला तो बँकेला.

नव्या सर्व्हरवर वेबसाइटसाठी प्रत्यक्षात ८० आणि ४४३ एवढेच दोन पोर्ट सर्वांसाठी खुले लागतात. डेव्हलपरच्या प्रवेशासाठीचा २२ क्रमांकाचा पोर्ट ठरावीक ठिकाणांपुरता मर्यादित ठेवता येतो आणि तेथे पासवर्डऐवजी ‘की’ वापरता येते. डेटाबेसचा पोर्ट तर इंटरनेटवर उघडा असण्याचे कारणच नाही. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातील हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्यासाठी हल्लेखोरांना काही फोडावे लागले नव्हते. ते डेटाबेस पासवर्डविना सर्वांसाठी खुले होते.

कोणती साधने लागतात आणि ती कशासाठी?

सर्व्हरवर बहुधा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि ‘उबुंटू’ हा त्यातील लोकप्रिय प्रकार. आलेल्या विचारणा स्वीकारायला ‘एनजिनएक्स’सारखा वेब सर्व्हर, मालाच्या आणि मागणीच्या नोंदींसाठी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस आणि ब्राउझरमधील कुलपाच्या खुणेसाठी प्रमाणपत्र लागते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून असे प्रमाणपत्र सर्वांना मोफत देते. त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची. येत्या काळात सर्वच प्रमाणपत्रांच्या मुदती कमी होणार असून २०२९ पासून कमाल मर्यादा ४७ दिवसांवर येणार आहे. त्यामुळे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी लावणे भाग आहे. नाहीतर एखाद्या सकाळी ग्राहकाला ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा दिसतो.

प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्यासाठी ‘गिट’ वापरले जाते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व घटक एका गाठोड्यात बांधणारे ‘डॉकर’ २०१३ मध्ये आले. सर्व्हरची संपूर्ण मांडणीच मजकूर स्वरूपात लिहून ठेवणारे ‘टेराफॉर्म’ २०१४ मध्ये. यांचा खरा उपयोग दिसतो तो संकटात. हाताने एकेक आज्ञा देऊन उभारलेला सर्व्हर बिघडला, तर तो कसा उभारला होता हे डेव्हलपरलाही आठवत नाही. मांडणी लिहून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या ठिकाणी तसाच सर्व्हर तासाभरात उभा राहू शकतो.

पण याच साधनांतून धोकाही शिरतो. क्लाउडच्या चाव्या प्रोग्राममध्येच लिहून तो गिटवर ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. २०१६ मध्ये हल्लेखोरांनी उबरच्या डेव्हलपरांच्या खासगी गिटहब साठ्यात प्रवेश मिळवला, तिथे त्यांना अ‍ॅमेझॉन क्लाउडची चावी सापडली आणि ५.७ कोटी प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. वर्षभर हे प्रकरण दडवून ठेवल्याबद्दल कंपनीला २०१८ मध्ये अमेरिकी राज्यांशी १४.८ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

बिल अचानक का फुगते?

क्लाउडचे बिल विजेच्या बिलासारखे वापरावर येते. फरक इतकाच, की येथे मीटर एक नसून अनेक असतात. सर्व्हरचे तास, डिस्कची जागा, सार्वजनिक आयपी पत्ता, बाहेर जाणारा डेटा यांचे दर वेगवेगळे. अ‍ॅमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक ‘आयपीव्ही-४’ पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारते. महिन्याला ही रक्कम साडेतीन डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे अगदी लहान सर्व्हरच्या भाड्याच्या जवळपास. सर्व्हर ‘स्टॉप’ केला तरी त्याच्या डिस्कचे भाडे सुरूच राहते. डेटा आत आणणे फुकट असते, बाहेर पाठवण्याचे मात्र ठरावीक मर्यादेनंतर पैसे पडतात आणि मुंबईतून पाठवण्याचा अ‍ॅमेझॉनचा दर अमेरिकेपेक्षा जास्त आहे. त्यावर भारतात १८ टक्के जीएसटी.

‘मोफत’ या शब्दाचाही अर्थ तपासून घ्यावा लागतो. अ‍ॅमेझॉनने १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्यांसाठी जुनी १२ महिन्यांची मोफत योजना बदलली. आता कमाल २०० डॉलरचे क्रेडिट आणि सहा महिन्यांची मुदत असलेली मोफत योजना मिळते. खर्चाची मर्यादा ओलांडल्यास ईमेल येईल अशी सोय सर्वच मोठ्या कंपन्या देतात, पण नुसती सूचना लावल्याने सर्व्हर आपोआप बंद होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये एका डेव्हलपरला रिकाम्या साठवणूक खात्यासाठी १३०० डॉलरहून अधिक बिल आले. बाहेरच्या कोणत्या तरी सॉफ्टवेअरमध्ये योगायोगाने तेच नाव लिहिलेले होते आणि त्यामुळे एका दिवसात जवळपास १० कोटी विचारणा त्या खात्यावर आदळल्या. त्या सगळ्या नाकारल्या गेल्या, तरी बिल लागले. हे प्रकरण गाजल्यावर अ‍ॅमेझॉनने नियम बदलला आणि अशा विनापरवाना विचारणांचे पैसे घेणे थांबवले.

क्लाउडवर असताना वेगळा बॅकअप कशाला?

क्लाउड हाच बॅकअप, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळाले आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा परत मिळालाच नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवणारी ८५८ टेराबाइटची यंत्रणा त्यात नष्ट झाली आणि तिचा बाहेर बॅकअप नव्हता.

याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सदस्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा अनुभव. गुगल क्लाउडमधील एका चुकीच्या मांडणीमुळे त्यांची संपूर्ण यंत्रणा दोन्ही ठिकाणांहून पुसली गेली. सेवा आठवडाभर विस्कळीत राहिली, पण दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअपही मदतीला आला आणि यंत्रणा पुन्हा उभी राहिली.

बॅकअप घेतला एवढेही पुरेसे नसते. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याकडून रात्री उशिरा चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. प्रत्यक्षात रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता आणि अपयशाच्या सूचनेचे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून कंपनी बचावली. महिन्यातून एकदा बॅकअपमधून साइट खरोखर उभी करून पाहणे, हीच त्याची खरी परीक्षा.

भारतीय कायदा काय सांगतो?

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. देयकांशी संबंधित माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल २०१८ पासून आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या कायद्याची मेख अशी, की माहिती ज्या व्यवसायाने गोळा केली, जबाबदारी त्याचीच. त्याच्या वतीने ती हाताळणारी क्लाउड कंपनी किंवा डेव्हलपर यांच्याकडे बोट दाखवून सुटका नाही. म्हणजे ग्राहकांचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक घेणारा गूळ व्यापारीही कायद्याच्या कक्षेत येतो. सर्व्हर त्याने कधी पाहिलेला नसला, तरीही.

मग क्लाउड सोडावा का?

काहींनी तो सोडलाही. ‘बेसकॅम्प’ बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचे २०२२ मधील क्लाउडचे बिल ३२ लाख डॉलर होते. त्यानंतर सुमारे ७ लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेऊन तिने बरेचसे काम स्वतःच्या यंत्रांवर हलवले. पण तिच्याकडे अनुभवी तंत्रज्ञ होते आणि कामाचा भार वर्षभर ठरावीक होता. सणासुदीला दहापट आणि एरवी तुरळक ग्राहक येणाऱ्या लहान व्यवसायाला हे गणित लागू पडत नाही.

दुसरीकडे, प्रत्येकाला क्लाउड सर्व्हर लागतोच असेही नाही. दुकानाचा पत्ता, छायाचित्रे आणि फोन क्रमांक एवढेच दाखवायचे असेल, तर साधे होस्टिंग पुरते. तेथे सर्व्हरच्या अपडेटची कामे होस्टिंग कंपनीच करते. सर्व्हर घ्यायचा तो ऑनलाइन मागणी, नोंदणी, देयके असे काम असेल तेव्हा. आणि दोन देशांत दोन सर्व्हर चालवण्याचा दुप्पट खर्च बँकेला परवडतो, दुकानाला नाही. त्याने काही तास साइट बंद राहण्याची तयारी ठेवावी, पण माहिती गमावण्याची नव्हे.

व्यवसाय चालवणाऱ्याने काय विचारावे?

तांत्रिक बाबी न कळणाऱ्यालाही आपल्या डेव्हलपरला काही साधे प्रश्न विचारता येतात. क्लाउडचे खाते कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या कार्डवर आहे? डोमेन कोणाच्या नावावर आहे? खात्याला दुहेरी पडताळणी लावली आहे का? बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे आहे का आणि तो शेवटचा कधी तपासला? महिन्याच्या खर्चाचा इशारा कोणाच्या फोनवर येतो? उद्या डेव्हलपर बदलला, तर नव्याला सर्व्हर पुन्हा उभारता येईल असे काही लिहून ठेवले आहे का?

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेक ठिकाणी ‘डेव्हलपरच्याच’ असे येते. तो फोन उचलेनासा झाला, की धंद्याची किल्लीच हरवते. खाते आणि डोमेन व्यवसायाच्या नावावर घेऊन डेव्हलपरला वेगळी, काढून घेता येणारी परवानगी देणे यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. क्लाउड कंपन्यांच्या बिघाडावर ग्राहकाचे नियंत्रण नाही. हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि ते सर्व्हर सुरू करतानाच व्हायला हवे.